वजूचं पाणी झाडांना: अडचण मसल्याची कमी, पायपाची जास्त

पाणवठा

मशिदीतलं वजूचं पाणी गटारात न सोडता झाडांना द्या, असे फॉरवर्ड अधूनमधून फिरत असतात आणि दरवेळी चर्चा एकाच जागी अडकते. हे चालतं का, पाणी पाक (धर्माच्या दृष्टीने शुद्ध) आहे का, मौलानांना विचारलं का वगैरे. विचारावं, जरूर विचारावं. पण माझं म्हणणं असं की तो मसला, म्हणजे धर्मनियमाचा प्रश्न, शेकडो वर्षांपूर्वी सुटलाय आणि खरी गोची वेगळीच आहे, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नमाजेआधी मनगटापर्यंत हात, मग चूळ, नाकात पाणी, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात आणि शेवटी घोट्यापर्यंत पाय, हा वजू. दिवसाच्या नमाजा पाच. साबण लागत नाही. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण घरच्या सांडपाण्यात झाडांना जे बाधतं ते बहुतेक साबण, कपड्यांची पावडर, स्वयंपाकघरातलं तेल आणि खरकटं, आणि वजूच्या पाण्यात यातलं काहीच नसतं. इतकं साधं सांडपाणी दुसरं मिळणं कठीण.

किती असतं? नळ पूर्ण सोडला तर मिनिटाला ८-१० लिटर सहज जातं, म्हणजे नळ चालू ठेवून दीड मिनिटात वजू उरकला तरी बारा-पंधरा लिटर गेले. मध्येमध्ये बंद करणारा माणूस तीन-चार लिटरमध्ये उठतो. समजा दिवसभरात मिळून ४०० जणांनी वजू केला आणि सरासरी ५ लिटर धरले तर रोजचे २००० लिटर झाले. कडक उन्हात हिरवळीला चौरस मीटरला ५ लिटर धरा, ४०० चौरस मीटर हिरवळ यावर निघते. झाडं लावली तर अजून जास्त जागा.

मग होत का नाही? कारण बहुतेक इमारतींत वजूखान्याची मोरी आणि इस्तिंजाखान्याची, म्हणजे संडास-मुतारीची लाइन, फरशीखाली जाऊन एकाच चेंबरला मिळते. एकदा मिळाली की संपलं, त्या पाण्याला मग साधा फिल्टर पुरत नाही, ते मैलापाणीच झालं. हे नकाशा काढतानाच वेगळं ठेवलं तर खर्च जवळजवळ शून्य, नंतर करायचं तर फरशी फोडा. म्हणून नवीन मशीद बांधणाऱ्या किंवा वजूखाना दुरुस्तीला काढणाऱ्या कुणाचा या धाग्याला हात लागला तर बाकी काही नाही वाचलं तरी चालेल, एवढंच वाचा: दोन लाइन वेगळ्या टाका.

जाणकारांनी भर घालावी.

जुना_सभासद

रुमाल टाकून ठेवतो. रात्री निवांत वाचतो.

कुंपणावरचा

विरोधाला विरोध नाही पण "साबण नाही म्हणजे स्वच्छ" हे जरा घाईचं होतंय. लोक चूळ भरतात, नाक साफ करतात, पाय धुतात, ते सगळं त्याच मोरीत जातं ना? शिवाय आधी इस्तिंजा करून आलेले हात. डोळ्यांना दिसतं स्वच्छ पण जंतू असणारच. आणि हे पाणी लहान मुलं खेळतात त्या हिरवळीवर कारंजासारखं उडवणार का?

पाणवठा

@कुंपणावरचा, बरोबर आहे, पिण्यालायक कुणीच म्हणत नाहीये. कातडीचे कण, केस, धूळ, थुंकी, शेंबूड आणि हातापायावरचे आतड्यातले जंतूसुद्धा असतात. स्वच्छ म्हणतोय ते स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याच्या पाण्याच्या मानाने.

म्हणूनच दोन गोष्टी पाळायच्या. एक, हवेत उडवायचं नाही, स्प्रिंकलर बिलकुल नको, पाणी मातीत किंवा आच्छादनाखाली सोडायचं. दुसरं, साठवायचं नाही. ज्या दिवसाचं त्याच दिवशी. अनेक देशांच्या नियमांत अशा पाण्याला २४ तासांची मर्यादा असते आणि ती उगाच नाहीये. ताजं असताना वास नसतो, पण टाकीत पडून राहिलं की आतला ऑक्सिजन संपतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं की कुजक्या अंड्याचा भपकारा येतो. लोकांना वाटतं फिल्टर बिघडला. फिल्टरचा काही दोष नसतो, पाणी शिळं झालेलं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये सांडपाण्याच्या शेतीतल्या वापरावर चार खंडांत मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातला चौथा खंड मैला आणि अशा कमी घाण पाण्यावर आहे. त्याचा सगळा रोख हाच आहे की नुसतं पाणी शुद्ध करत बसू नका, माणसाचा आणि त्या पाण्याचा संबंध कुठेकुठे येतो तो तोडा. पाणी कसं देता, कशाला देता, खाण्याआधी काय करता, यातून निम्मं काम होतं.

इब्न_बागवान

मसल्याचा विषय निघालाच आहे तर थोडं लिहितो, मी आलीम (धर्मपंडित) नाही पण हा बाब (प्रकरण) शिकलेलो आहे.

वजूत वापरलेल्या पाण्याला फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रात, माए मुस्तअमल म्हणतात. सुन्नींच्या चार पंथांपैकी (हनफी, शाफई, मालिकी, हंबली) हनफींमध्ये ज्या मतावर फतवा आहे ते अबू हनीफांचे शिष्य इमाम मुहम्मद यांचं, की हे पाणी ताहिर आहे पण मुतह्हिर नाही. म्हणजे पाणी स्वतः पाक, पण त्याने परत वजू किंवा गुस्ल (पूर्ण स्नान) होत नाही. खुद्द पंथाचे मूळ इमाम अबू हनीफांकडून ते नापाक असल्याचीही एक रिवायत (परंपरेने आलेलं कथन) आहे म्हणून जुनी माणसं बिचकतात, पण अमल त्यावर नाही. शाफईंकडेही पाक आहे पण पाक करणारं नाही, आणि गंमत म्हणजे असं पाणी गोळा करून दोन कुल्ले झालं (आजच्या मापात २०० लिटरच्या आसपास, मोजणीत थोडा फरक आहे) तर त्यांच्या मजबूत मतानुसार ते परत वजूलाही चालतं. मालिकींकडे तर ते पाक करणारंच राहतं, दुसरं पाणी असताना वापरणं मकरूह (नापसंत) इतकंच.

दलील (पुरावा) म्हणाल तर बुखारी या हदीस-संग्रहात हजरत जाबिर यांची हदीस (पैगंबरांच्या वागण्या-बोलण्याची नोंद) आहे, ते आजारी होते, शुद्ध नव्हती, तेव्हा रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी वजू करून ते पाणी त्यांच्यावर टाकलं. नापाक पाणी कोण आजारी माणसावर टाकेल?

झाडाला घालायला पाणी मुतह्हिर असण्याची गरजच नाही. आणि समजा नापाक जरी असतं तरी बहुसंख्य फुकहांच्या (धर्मशास्त्रींच्या) मते त्यावर वाढलेलं पीक, फळ हराम होत नाही, हंबली मतात मात्र सक्ती आहे, नंतर पाक पाणी देईपर्यंत ते पीक खायचं नाही. आपल्या पाण्याला तो प्रश्नच लागू होत नाही.

आणि याच्या कितीतरी पुढची गोष्ट म्हणजे १९७८ मध्ये सौदीच्या बड्या उलेमांच्या कौन्सिलने ठराव केला होता की मैलापाणीसुद्धा इतकं शुद्ध केलं की रंग, वास, चव यात घाणीचा काही असर उरला नाही तर ते पाक, त्याने वजूही होतो. तिथे मैलापाण्याची चर्चा झालीये, आपण अजून हातपाय धुतलेल्या पाण्यावर अडलोय.

सबा

@इब्न_बागवान छान लिहिलंत. एक मुद्दा माझा. बुजुर्गांची जी नाराजी असते ती नेहमी पाक-नापाकची नसते, अदबची (आदराची) असते. वजूचं पाणी पायदळी जाऊ नये, घाणीत जाऊ नये अशी भावना असते. मग त्यांना उलट विचारायचं, की आत्ता ते पाणी कुठे जातंय? संडासाच्या लाइनीत! झाडाच्या मुळाशी जाणं हे अदबला जास्त धरून आहे की कमी? हा प्रश्न विचारला की मोठी माणसं स्वतःहून प्लंबरला फोन लावतात. माझ्या बघण्यातलं सांगतेय.

आणि झाड लावलं, त्यातून पक्षी, माणूस, जनावर जे कुणी खाईल ते लावणाऱ्याच्या नावे सदका (पुण्याचं दान), ही हदीस बुखारी-मुस्लिम दोन्हीत आहे. कमिटीसमोर विषय मांडताना इथून सुरुवात करा, लिटर आणि मिलिमीटर नंतर.

बायका बऱ्याचदा घरी वजू करतात, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. बेसिनमध्ये छोटा टब ठेवला की झालं. पाय धुताना टब खाली घ्यायचा आणि लगेच कुंडीत. ना फिल्टर ना पाइप.

टोकदार

फक्त मशिदीच का? बाकीच्या धर्मस्थळांचं पाणी वाया जात नाही का? तिथे कुणी धागा काढत नाही.

संपादक_मंडळ

टोकदार, विषय वजूच्या पाण्याचा आहे. दुसऱ्या विषयावर स्वतंत्र धागा काढायला कुणाची ना नाही, आम्हीही वाचू. इथे यावर पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

नळजोडणी

पाणवठा यांनी पायपावर बोट ठेवलंय म्हणून लिहितोय, हेच माझं रोजचं काम आहे. मोबाइलवरून टायपतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आधी वजूखान्याची बैठक बघा. ओळीत दगडी किंवा टाइल्सची आसनं, समोर नळ आणि नळांखालून जाणारी लांब उघडी पन्हळ. ही पन्हळ एका टोकाला उतरती असते आणि टोकाला जाळी आणि खाली ट्रॅप (वास अडवणारा वाकडा भाग). आपल्याला जे करायचंय ते इथंच, ट्रॅपच्या लगेच पुढं. तिथून जो पाइप निघतो तो मेन चेंबरला पोचायच्या आत पकडायचा. बऱ्याच मशिदींत वजूखाना बाहेरच्या भिंतीला लागून असतो, तिथं फरशी फोडावी लागतच नाही, भिंतीला एक भोक पाडून पाइप सरळ बाहेर काढता येतो. वजूखाना मधोमध असेल तर मात्र कटकट आहे.

जाळी बारीक बसवा आणि हाताने उचलून काढता येईल अशी बसवा. स्क्रूने आवळलेली जाळी कुणी साफ करत नाही, हे लिहून ठेवा. त्या जाळीत काय काय सापडतं माहितीये? केसांचा गुंता, टोपीचे आणि रुमालाचे दोरे, मिसवाकचे (दातणाच्या काडीचे) तुसासारखे तंतू, पायांची बारीक वाळू आणि वर एक बुळबुळीत थर. मिसवाकचे तंतू सगळ्यात बेकार, ते उभे होऊन जाळीत घुसतात, दिसत नाहीत आणि पंपाच्या तोंडाला जाऊन बसतात.

पुढं एक छोटा गाळाचा चेंबर, ज्यात पाणी थोडा वेळ थांबेल आणि वाळू खाली बसेल. त्यानंतर एक व्हॉल्व्ह ज्याने पाणी एकतर झाडांकडे नाहीतर पूर्वीसारखं ड्रेनेजला पाठवता येतं. हा व्हॉल्व्ह लोक पैसे वाचवायला टाळतात आणि नंतर पस्तावतात. पावसात झाडांना पाणी नकोय, मजला ॲसिडने धुतलाय, पाइप तुंबलाय, कुठलीही भानगड झाली तर एक दांडी फिरवली की विषय संपला पाहिजे.

उतार मीटरला २ सेंटीमीटर. उताराने जात असेल तर पंप लावूच नका, पंप म्हणजे वीज, दुरुस्ती आणि टाकी, आणि टाकी म्हणजे शिळं पाणी.

पाणवठा म्हणाले तो एकत्र चेंबरचा किस्सा आम्हीही भोगलाय. एका कामात कॉन्ट्रॅक्टरने नकाशात वेगळ्या दाखवलेल्या लाइनी जमिनीखाली गुपचूप एकत्र केल्या होत्या, फरशी बसल्यावर कळलं. म्हणून फरशी बसायच्या आधी वजूच्या पन्हळीत रंगाचं पाणी ओता आणि ते कुठून बाहेर येतंय ते स्वतः उभं राहून बघा, कुणाच्या शब्दावर जाऊ नका.

आणि शेवटचं, या पायपाचा रंग वेगळा ठेवा आणि जिथं नळ निघेल तिथं "पिण्याचं पाणी नाही" असं मोठ्या अक्षरात लिहा. ताज्या पाण्याच्या लाइनीला ही लाइन कुठंच जोडायची नाही, मधे व्हॉल्व्ह टाकूनपण नाही.

कुंपणावरचा

जबरदस्त प्रतिसाद @नळजोडणी. कुंपणावरून निम्मा खाली उतरलो.

पण मग ते वाळू, खडी, कोळशाचे फिल्टर लावतात ते कशाला? तुमच्या पोस्टमध्ये ते कुठेच नाही.

नळजोडणी

पाणी कुठं जाणार त्यावर आहे. ड्रिप लावायची असेल तर फिल्टर पाहिजेच, ड्रिपरची भोकं बारीक, दोन आठवड्यात बसतात. संडासाच्या फ्लशला वापरायचं असेल तरी पाहिजे आणि वर थोडं क्लोरीनपण, कारण ते पाणी टाकीत राहणार आणि लोकांच्या जवळ उडणार. पण नुसत्या झाडांच्या आळ्यात सोडायचं असेल तर मोठ्या भोकाचा पाइप टाका, फिल्टरची कटकट घेऊच नका. फिल्टर बसवणं सोपं, दर आठवड्याला वाळू उलटी धुणारा माणूस मिळणं अवघड.

नकाशावाला

जगात कुठेकुठे झालंय ते टाकतो, म्हणजे कमिटीला दाखवायला बरं.

ओमानमध्ये सुलतान काबूस विद्यापीठाच्या संशोधकांनी एका मशिदीत वजूच्या पाण्याचं छोटं शुद्धीकरण युनिट बांधलं आणि त्याचा अभ्यास २००६ मध्ये छापून आला. वाळू, कोळसा असे थर, क्लोरीन आणि मग बागेला. माझ्या मते या विषयात सगळ्यात उपयोगी काम तेच, कारण भव्यदिव्य काही नाही, साध्या मशिदीला परवडेल अशा मापाचं आहे.

दुबईत २०१४ मध्ये खलिफा अल ताजेर मशीद सुरू झाली, साधारण साडेतीन हजार लोकांची, तिथे वजूचं पाणी शुद्ध करून बागेला आणि स्वच्छतागृहांना वापरायची सोय आहे. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या २०१९ मध्ये उघडलेल्या मशिदीत पावसाचं आणि वापरलेलं पाणी धरून फ्लश आणि बागेला देतात. जकार्ताच्या इस्तिकलाल मशिदीत छतावर सौर पॅनेल, कमी धारेचे नळ आणि पाण्याचा पुनर्वापर केला, तिला २०२२ मध्ये एज नावाचं हरित इमारतीचं प्रमाणपत्र मिळालं, प्रार्थनास्थळाला ते जगात पहिल्यांदाच.

पण माझ्या मते लाहोरचं उदाहरण सगळ्यात वेगळं. बाकी सगळीकडे एक मशीद, एक प्रोजेक्ट, एक फीत कापायचा फोटो. लाहोरमध्ये हायकोर्टाने पर्यावरणाच्या खटल्यांत आदेश दिले की मशिदींच्या वजूचं पाणी साठवून बागांना वापरा, आणि तिथल्या पाणीपुरवठा खात्याने मशिदींजवळ जमिनीखाली टाक्या बांधायला घेतल्या. तिथे भूजल दरवर्षी खाली चाललंय त्यामुळे कोर्टालाच लक्ष घालावं लागलं. म्हणजे मशिदीकडे स्वतःची बाग नसली तरी पाणी शेजारच्या सार्वजनिक बागेला जाऊ शकतं. दाटीवाटीच्या वस्तीत हाच रस्ता.

इब्न_बागवान

@नकाशावाला, जुनी रचनाही विसरू नका. नळ येण्याआधी मशिदीच्या सहनमध्ये (अंगणात) हौज असायचा, दिल्लीच्या जामा मशिदीत आजही आहे. हनफी कायद्यात दह-दर-दह, म्हणजे दहा हात बाय दहा हात (आजच्या हिशेबात सुमारे २२५ चौरस फूट) एवढा हौज मोठ्या पाण्यात धरला जातो, थोड्याशा घाणीने नापाक होत नाही. आणि कडेने बारीक नाली असते, हात-पाय धुतलेलं पाणी हौजात परत न पडता त्या नालीत पडावं म्हणून. म्हणजे वापरलेलं पाणी वेगळ्या वाटेने काढायची सोय तेव्हाच केलेली होती! नळ आले, मोरी फरशीखाली गेली आणि ही वाट दिसेनाशी झाली.

मुंबईच्या जामा मशिदीचं तर बांधकामच एका जुन्या तलावावर आहे, दगडी कमानींखाली पाणी आणि त्यात मासे.

हिरवाचाफा

झाडांच्या बाजूने लिहिते.

मोठी झाडं, झुडपं, फुलझाडं, कुंपणाच्या वेली, यांना बिनधास्त. फळझाडांनाही हरकत नाही कारण फळ वर आणि पाणी खाली. पण कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर असलं कच्चं खाल्लं जाणारं आणि जमिनीला चिकटलेलं काही या पाण्यावर लावू नका. मशिदीत कुणी पालक लावणार नाही म्हणा, पण सबा यांच्या टबवाल्या कुंड्यांत लागू शकतो :)

आळं कसं करायचं ते लोक चुकवतात. खोडाला लागून नाही, फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे गोल चर खणायचा, त्यात वाळलेली पानं, काटक्या, लाकडाचा भुसा भरायचा आणि पाइपचं तोंड त्या आच्छादनाच्या आत सोडायचं. पाणी वर दिसताच कामा नये. आच्छादनातले जीवाणू आणि गांडुळं चूळ-शेंबडातलं जे काय ते खाऊन टाकतात, हा फुकटचा फिल्टर आहे. वर्षाकाठी ते कुजून खाली बसतं, परत भरायचं.

एकाच झाडाला सगळं पाणी सोडू नका. पाणी नमाजेच्या वेळी एकदम येतं, जुम्म्याला (शुक्रवारी) तर लोंढा येतो आणि मग काही नाही. पाइपला चार-पाच फाटे काढून वाटून द्या. कुठे पाणी साचून हिरवं शेवाळ आलं तर समजा माती पीत नाहीये, फाटा बदला. चिकणमाती असेल तर जागा जास्त लागते.

ज्यांच्याकडे माती कमी आहे त्यांनी कर्दळ लावावी. खडीच्या उथळ हौदात कर्दळ दाट लावून त्यातून पाणी जाऊ द्यायचं, मुळांच्या जाळ्यात बरीच घाण अडते आणि खालून निघणारं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं. पाण्याची पातळी खडीच्या खाली ठेवायची, वर पाणी दिसलं की डास आलेच. डासांचं चक्र अंडी ते उडता डास उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांचं असतं, त्यामुळे कुठलीही टाकी, चेंबर उघडं नको.

आणि एक खारटपणाचं. वजूने पाण्यात क्षार वाढत नाहीत, पण मूळ पाणीच बोअरचं खारट असेल तर तेच झाडाला जाणार. पानांच्या कडा करपायला लागल्या की वजूच्या पाण्याला दोष देण्याआधी बोअरचं पाणी तपासा.

सबा

@हिरवाचाफा पालक काढून टाकला कुंडीतून, खूश? :)

पाणवठा

सगळ्यांचे आभार, धागा कारणी लागला. नळाचा मुद्दा मात्र राहून गेलाय. पाणी पकडण्याआधी कमी वापरा. हदीसमध्ये रसूलुल्लाह एका मुद पाण्यात वजू करत असं आहे, मुद म्हणजे दोन्ही हातांची ओंजळ, साधारण ०.६ ते ०.७ लिटर, हनफी मोजणीने त्याहून थोडा जास्त. आणि आपण दहा-बारा लिटर सोडून वर पुनर्वापराचं भूषण सांगतो. वाहत्या नदीवर असलात तरी इसराफ (उधळपट्टी) करू नका, ही इब्न माजा या हदीस-संग्रहातली रिवायत सगळ्यांना पाठ असते. सनद (सांगणाऱ्यांची साखळी) कमजोर आहे असं मुहद्दिस (हदीसचे अभ्यासक) म्हणतात, पण उधळपट्टीची मनाई कुरआनात सरळ आहेच, ७:३१.

माझं मत विचाराल तर दाबून सोडायचे, आपोआप बंद होणारे नळ सेन्सरपेक्षा बरे. सेन्सर पायाखाली नीट चालत नाही, बॅटरी संपते, मग कुणीतरी वैतागून साधा नळ बसवतो. साध्या नळाच्या तोंडाला हवा मिसळणारी जाळी बसवली तरी धार निम्मी होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

पाणी कमी झालं तर झाडांना कमी मिळेल ना, असं एकाने मला विचारलं होतं. हो, मिळेल. झाडांसाठी नळ सोडून ठेवायचा नसतो बाबा.

चाव्यांचा_जुडगा

मी एका मशिदीच्या ट्रस्टवर आहे, धागा सगळा वाचला. आमची इमारत जुनी, वजूखाना भिंतीला लागून आहे पण लाइन संडासाला मिळालेली. अंगण फरसबंदी, माती नावाला नाही. शेजारी सार्वजनिक बाग आहे पण जमीन आमच्यापेक्षा उंचावर. रमजानमध्ये गर्दी दुप्पट-तिप्पट. सुरुवात कुठून करू? आणि किती पाणी निघतं ते कसं मोजायचं, बरेचजण घरून वजू करून येतात.

नळजोडणी

मोजायला वजूखान्याच्या नळांना जाणाऱ्या पायपावर साधा मीटर लावा, जुम्मा धरून एक आठवडा रोज एकाच वेळी आकडा लिहा. नमाजी मोजत बसू नका.

भिंतीला लागून आहे म्हणताय तर ट्रॅपच्या पुढून पाइप बाहेर काढा आणि जुनं तोंड व्हॉल्व्हने चालू ठेवा. बाग उंचावर म्हणजे तुम्हाला पंप लागणारच. टाकी एका दिवसाच्या पाण्यापेक्षा मोठी करू नका, लोक हौसेने मोठी बांधतात. जुम्म्याचं जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोने ड्रेनेजला जाऊ द्या, रमजानसाठीपण तेच, महिन्याभराच्या गर्दीसाठी टाकी वाढवायची नाही. पंप फ्लोटवर ठेवा म्हणजे पाणी आलं की आपोआप चालेल आणि रिकामी झाली की बंद.

खर्च करायच्या आधी बागवाल्यांकडून लेखी घ्या, की पाणी ते रोज घेणार आणि त्यांच्या हद्दीतला पाइप ते बघणार.

हिरवाचाफा

आणि बागेत स्प्रिंकलर असतील तर त्यांना हे पाणी जोडू देऊ नका, तेही त्या कागदात घाला.

चाव्यांचा_जुडगा

मीटरचं आजच बघतो. बागेत स्प्रिंकलरच आहेत, त्यांच्याशी बोलावं लागेल. कागदाचा मसुदा इथे टाकला तर बघाल का कुणी?

पाणवठा

टाका. नळजोडणी पाइप बघतील, मी भाषा बघतो.